बोन इम्प्लांटच्या ग्लास-सिरॅमिकवर परदेशी लॅबसोबत काम करायचंय? आधी काच पाठवा, एमओयू नंतर

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात परदेशी युनिव्हर्सिटीबरोबर एमओयू होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो पेपरात येतो, आणि दोन वर्षांनी कुणी विचारलं की त्यातून निघालं काय, तर सांगण्यासारखं फारसं नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हाडाच्या इम्प्लांटसाठी ग्लास-सिरॅमिक (तापवून आत क्रिस्टल वाढवलेली काच) बनवणं हे एकट्यादुकट्या डिपार्टमेंटला झेपणारं कामच नाही, काच वितळवणारा वेगळा, क्रिस्टल बघणारा वेगळा, सेल कल्चरवाला वेगळा, सर्जन वेगळा, आणि हे सगळे एका कॅम्पसवर क्वचितच सापडतात. म्हणजे कोलॅबरेशन लागणारच. माझं म्हणणं एवढंच की ते सुरू करायचं एका डबीतल्या काचेच्या पावडरीपासून. तुमची काच त्यांच्या लॅबमध्ये गेली, त्यांची तुमच्याकडे आली आणि दोघांना एकच उत्तर मिळालं, की समजा काम सुरू झालं. हे सगळं मी एमएस्सी-पीएचडी करणाऱ्या मुलांसाठी आणि नुकतेच जॉइन झालेल्या सर-मॅडमसाठी लिहितोय, ज्यांच्याकडे एक फर्नेस आहे, थोडी हौस आहे आणि बाहेरची फारशी ओळख नाही.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्यातच आहे. १९६७ मध्ये फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचे लॅरी हेंच एका कॉन्फरन्सला बसने चालले होते, शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला अमेरिकन आर्मीचा कर्नल बसला होता. हेंच त्याला रेडिएशनमध्ये टिकणाऱ्या मटेरियलबद्दल सांगत होते, तर त्याने विचारलं की मग माणसाच्या शरीरात टिकेल असं काही का नाही बनवत, आमच्या पोरांचे हातपाय कापावे लागतायत. त्यातून १९६९ मध्ये ४५एस५ ही काच आली, जिला आपण बायोग्लास म्हणतो. पण ती हाडाला चिकटते हे एकट्या हेंचना कळलंच नसतं, टेड ग्रीनली नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनने ते तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले आणि सहा आठवड्यांनी काढायला गेले तर निघेचनात, तेव्हा कळलं. क्योटोमध्येही तेच, केमिस्ट्रीवाले तादाशी कोकुबो आणि सर्जन ताकाओ यामामुरो एकत्र आले आणि १९८२ मध्ये ए-डब्ल्यू ग्लास-सिरॅमिक आलं, म्हणजे काचेत ॲपेटाइट (हाडात असतं तसं कॅल्शियम-फॉस्फेट) आणि वोलास्टोनाइट (कॅल्शियम सिलिकेट) असे दोन क्रिस्टल. त्याची बेंडिंग स्ट्रेंथ साधारण २१५ मेगापास्कल, घट्ट सिंटर केलेल्या (पावडर दाबून, तापवून एकसंध केलेल्या) हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा मणका बदलायलासुद्धा ते वापरता आलं.

आणि आपल्याला सगळ्यात जवळचं वाटावं असं उदाहरण ब्राझीलचं. साओ कार्लोस नावाच्या गावातल्या फेडरल युनिव्हर्सिटीत एडगर झानोट्टो यांनी १९७६ पासून काचेची लॅब चालवली, ऑस्कर पाइट्ल हे तिथलेच संशोधक. तेव्हा समज असा होता की बायोग्लास क्रिस्टलाइझ झाली की तिची हाडाला चिकटायची ताकद जाते. पाइट्ल यांनी थेट हेंच यांच्या फ्लोरिडाच्या ग्रुपबरोबर ४५एस५ वेगवेगळ्या प्रमाणात क्रिस्टलाइझ करून तपासली, आणि १९९६ च्या पेपरात दाखवलं की ॲपेटाइटचा थर यायला उशीर होतो पण पूर्ण क्रिस्टलाइझ झालेल्या तुकड्यावरही तो येतोच. तिथून पुढे साओ कार्लोसचं स्वतःचं बायोसिलिकेट नावाचं ग्लास-सिरॅमिक उभं राहिलं. एक नेमका प्रश्न होता, दोन लॅब होत्या, आणि तोच काचेचा तुकडा दोघांच्या टेबलावर होता. मला यापेक्षा चांगला नमुना माहीत नाही.

आधी स्वतःच्या घरात काय हवं

परदेशी प्रोफेसरला मेल टाकण्याआधी तुमच्याकडे एक काच अशी हवी जी तुम्ही पुन्हा पुन्हा तशीच्या तशी बनवू शकता. नवीन कॉम्पोझिशन नको, झिंक-स्ट्रॉन्शियम-कॉपर टाकून काहीतरी वेगळं नको, साधी ४५एस५ बनवा: वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड, ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. जगातल्या प्रत्येक बायोग्लास लॅबला ही काच माहीत आहे, त्यामुळे तुमचं काम कितपत नीट आहे हे समोरच्याला लगेच कळतं.

वितळवताना १३५० ते १४०० अंशांपर्यंत जायचं, पण कार्बोनेट भसकन तापवलं तर फेस येऊन सगळं क्रुसिबलच्या बाहेर येतं, म्हणून आठशे-नऊशेच्या आसपास थांबून गॅस जाऊ द्यायचा. क्रुसिबल प्लॅटिनमचंच हवं. बऱ्याच कॉलेजात ॲल्युमिनाच्या क्रुसिबलवर भागवतात, मी समजू शकतो, प्लॅटिनमची किंमत सगळ्यांना माहीत आहे, पण अशी काच वितळताना ॲल्युमिनाची भिंत खाते आणि काचेत थोडासुद्धा ॲल्युमिना गेला की तिचं हाडाशी जुळणं बिघडतं. मग तुम्ही सहा महिने एसबीएफ टेस्ट (काच प्लाझ्मासारख्या पाण्यात ठेवून बघायची, पुढे सांगतो) करत बसाल आणि ॲपेटाइटचा थर का येत नाही ते कळणार नाही. स्वतःचं प्लॅटिनम नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आठवडाभर जाऊन वितळवून आणा. आपल्या देशात कोलकात्याची सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत बीएआरसीमध्ये ग्लास-सिरॅमिकवर बरंच काम झालंय, बनारसच्या आयआयटीत सिरॅमिक इंजिनिअरिंगचं जुनं डिपार्टमेंट आहे. पहिलं कोलॅबरेशन देशातल्या देशात झालं तर उत्तमच. आणि प्लॅटिनम वापरायला मिळालं तर ते जपा, फॉस्फेटच्या बॅचमध्ये कागदाचा कपटा, कार्बन, असलं काही जाऊ देऊ नका, फॉस्फरस रिड्यूस झाला की प्लॅटिनमला भोक पडायला वेळ लागत नाही.

काच ओतली, फोडली, पुन्हा वितळवली, म्हणजे एकजीव झाली, की तिचं खरं कॉम्पोझिशन मोजून घ्या. आयसीपी (कुठलं मूलद्रव्य किती ते मोजायची टेस्ट) जिथे होत असेल तिथे करा, पण करा. तुम्ही वजन करून टाकलेलं कॉम्पोझिशन आणि काचेत उरलेलं कॉम्पोझिशन यात फरक पडतो, फॉस्फरस थोडा उडतो, फ्लोरिन टाकलं असेल तर ते तर नक्कीच उडतं, आणि समोरची लॅब पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

पार्टनर कुठे शोधायचा आणि मेल कसा लिहायचा

मोठ्या नावांमागे धावू नका असं मी म्हणणार नाही, धावा, पण आपल्याकडे काय नाहीये ते आधी कागदावर लिहा. तुमच्याकडे काच आहे पण सेल कल्चर नाही, तर जर्मनीतल्या एर्लांगनचा आल्डो बोक्काचिनी यांचा ग्रुप तुम्हाला जवळचा. २००६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात असताना त्यांच्याच टीमने स्पंजवर काचेची स्लरी चढवून, स्पंज जाळून, ४५एस५ चं सच्छिद्र ग्लास-सिरॅमिक स्कॅफोल्ड (हाड आत वाढावं म्हणून केलेला सांगाडा) बनवलं होतं. तुम्हाला क्रिस्टल कसे वाढतात हे शिकायचं असेल तर साओ कार्लोस. सच्छिद्र सिरॅमिक आणि थ्रीडी प्रिंटिंग हवं असेल तर इटलीतलं पादोव्हा. स्लोव्हाकियात त्रेन्चिनला फनग्लास नावाचं सेंटर युरोपियन पैशांवर उभं राहिलंय, त्याचे पार्टनर येना, एर्लांगन, पादोव्हा आणि माद्रिद, म्हणजे एका दारातून पाच घरं दिसतात. फिनलंडच्या तुर्कूमध्ये एस५३पी४ ही काच हाडातल्या इन्फेक्शनसाठी खऱ्या पेशंटमध्ये वापरली जाते, क्लिनिकच्या अंगाने काम करणाऱ्यांनी तिकडे बघावं.

आणि इंटरनॅशनल कमिशन ऑन ग्लास ही १९३३ पासूनची संस्था आहे, तिची टीसी०४ नावाची टेक्निकल कमिटी फक्त बायोग्लासवर आहे. वेगवेगळ्या देशांतले लोक एका टेबलावर भेटायचे तर ही जागा. तुमच्याच डिपार्टमेंटमधून बाहेर गेलेले सीनियर विसरू नका, पुण्या-मुंबई-नागपूरहून गेलेली मराठी पोरं युरोपातल्या लॅबमध्ये भेटतात, आणि सीनियरने बॉसच्या कानावर एक वाक्य घातलं तर तुमच्या मेलला उत्तर यायची शक्यता बरीच वाढते.

मेलचं म्हणाल तर "मला आपल्या नामांकित लॅबमध्ये काम करण्याची तीव्र इच्छा आहे" या छापाचे मेल त्यांना दिवसाला ढिगाने येतात आणि ते वाचले जात नाहीत. तुमच्या मेलमध्ये तीन गोष्टी हव्यात, तुम्ही काय बनवलंय, त्याचा एक डीएससी (तापवताना काच कुठे बदलते) आणि एक एक्सआरडी (त्यात कुठले क्रिस्टल आहेत) प्लॉट, आणि एक प्रश्न. प्रश्न असा की त्याचं उत्तर द्यायला त्यांना पाच मिनिटं लागतील. उदाहरणार्थ, आमच्या काचेत बारीक पावडरीचा क्रिस्टलायझेशन पीक जाड पावडरीपेक्षा अलीकडे येतोय, तुमच्या अमुक पेपरात कणांचा आकार काय होता. असा प्रश्न वाचला की समोरच्याला कळतं की याने पेपर वाचलाय आणि याची भट्टी चालू आहे. फंडिंग, व्हिजिट, पीएचडीची सीट, यातलं काहीही पहिल्या मेलमध्ये मागू नका. दोन-तीन मेल झाले की मग विचारा, तुम्हाला आमची १० ग्रॅम काच पाठवू का.

पार्सल

यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. बायोग्लास ही पाण्याशी रिॲक्ट व्हावी म्हणूनच बनवलेली काच आहे, त्यामुळे ती हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशीसुद्धा रिॲक्ट होते. कोकणात, मुंबईत जुलै महिन्यात पावडरीची बाटली उघडून अर्धा तास गप्पा मारल्या तर पोहोचणारी काच ही पाठवलेली काच नसते, तिच्या पृष्ठभागावर कार्बोनेट आलेलं असतं, आणि तिकडच्या एफटीआयआरमध्ये, म्हणजे इन्फ्रारेड टेस्टमध्ये, ते दिसतं. म्हणून दळताना पाणी नको, इथेनॉल किंवा कोरडं. दळून चाळून झाल्यावर ओव्हनमध्ये वाळवायचं, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवायचं, छोट्या छोट्या बाटल्यांत भरायचं म्हणजे त्यांना एक प्रयोग एक बाटली असं वापरता येतं, झाकणाला पॅराफिल्म, बाहेरून सिलिका जेलची पुडी घालून व्हॅक्यूम सील. शक्य असेल तर पावडर पाठवूच नका, काचेचे तुकडे पाठवा आणि दळणं-चाळणं तिकडे करू द्या, फक्त चाळणी कोणती ते दोघांनी ठरवून घ्या.

पांढरी पावडर कस्टमला अडकते, साहजिक आहे. कागदावर "सॅम्पल" एवढंच लिहू नका. पूर्ण कॉम्पोझिशन, सेफ्टी डेटा शीट, इन्स्टिट्यूटच्या लेटरहेडवर पत्र की संशोधनासाठी आहे, विक्रीसाठी नाही, प्रोफॉर्मा इनव्हॉइस आणि एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर). काचेची पावडर, दाणे, फ्रिट यांच्यासाठी ३२०७.४० हे हेडिंग आहे. किंमत शून्य लिहू नका, थोडी का होईना लिहा, शून्य लिहिलं की उलट प्रश्न येतात. आणि प्रत्येक मेल्टमधली थोडी काच स्वतःकडे राखून ठेवा, बाटलीवर मेल्टचा नंबर, तारीख, चाळणीचा आकार, नंतर वाद झाला तर तीच बाटली साक्षीला येते.

पहिले काही महिने: एकच टेस्ट, दोन लॅब

काच पोहोचली की दोघांनी एसबीएफ टेस्ट करायची. एसबीएफ म्हणजे कोकुबो यांनी ठरवलेलं, रक्तातल्या प्लाझ्मासारखे आयन असलेलं पाणी, त्यात काच ठेवली आणि तिच्यावर ॲपेटाइटचा थर आला तर हाडाशीही जुळेल असा अंदाज बांधायचा. त्याचं आयएसओ २३३१७ हे स्टँडर्ड २००७ मध्ये आलं. ऐकायला सोपं, आणि इथेच निम्मी कोलॅबरेशन्स फिसकटतात, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

द्रावण बनवताना बीकर प्लॅस्टिकचा घ्या, ओरखडे नसलेला, कारण काचेच्या बीकरच्या ओरखड्यावरच ॲपेटाइट बसायला लागतं. पाणी ३६.५ अंशांवर ठेवून सॉल्ट एकेक करून, आधीचं पूर्ण विरघळल्यावरच पुढचं, सोडियम क्लोराइड, बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड, फॉस्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड, मग ॲसिड, आणि त्यानंतर कॅल्शियम क्लोराइड, जे हवेतलं पाणी इतकं ओढतं की वजनकाट्यावर आकडा डोळ्यांसमोर चढत जातो, म्हणून ते झटपट तोलायचं. मग सोडियम सल्फेट, आणि शेवटी ट्रिस या बफरने पीएच ७.४० ला आणायचा, हळूहळू, चिमूट चिमूट, घाई केली की पीएच एका जागी वर जातो आणि द्रावण दुधी होतं. दुधी झालं तर टाकून द्या. गाळून वापरू असं अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट आधीच खाली बसलेलं असतं. चांगलं बनलेलं द्रावण फ्रिजमध्ये ५ ते १० अंशांवर ठेवून महिनाभरात संपवायचं.

आता मुद्द्याचं. जुन्या पद्धतीत द्रावण किती घ्यायचं हे नमुन्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून ठरायचं. घट्ट चकतीला ते ठीक आहे, पण पावडर आणि सच्छिद्र स्कॅफोल्डचा खरा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक लॅब आपापलं प्रमाण घ्यायची आणि एकाच काचेबद्दल एक म्हणणार थर एका दिवसात आला, दुसरा म्हणणार दोन आठवडे लागले. टीसी०४ च्या लोकांनी मग वेगवेगळ्या लॅबमध्ये तेच नमुने फिरवून तपासले आणि २०१५ मध्ये एक समान पद्धत छापली, त्यात पावडरीसाठी ५० मिलिलिटर एसबीएफमध्ये ७५ मिलिग्रॅम काच. तुम्हीही हेच घ्या, स्वतःचं प्रमाण शोधून काढायची गरज नाही. कणांचा आकार, हलवायचं की स्थिर ठेवायचं, द्रावण मध्ये बदलायचं की नाही, नमुना काढल्यावर कशाने धुवायचा, कसा वाळवायचा, हे सगळं एका पानावर लिहून दोघांनी मान्य केल्याशिवाय टेस्ट सुरू करू नका.

थर आलाय हे बघायला फार महागडं मशीन लागत नाही. एक्सआरडीमध्ये २६ आणि ३२ अंशांच्या आसपास ॲपेटाइटचे पीक, आणि एफटीआयआरमध्ये ५६० आणि ६०० च्या जवळ जोडीने येणारे दोन बँड, जे आधी एकच पसरट बँड म्हणून दिसतात आणि क्रिस्टल झाले की फुटून दोन होतात. एफटीआयआर आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा असतो हो. तुमच्या आणि त्यांच्या लॅबमध्ये हे दोन बँड फुटण्याची वेळ जवळजवळ सारखी आली, की दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसतो आणि पुढचं सगळं सोपं होतं. सारखी नाही आली तरी घाबरू नका, कारण शोधताना जे शिकता ते पेपरापेक्षा मोलाचं असतं. एक मात्र डोक्यात ठेवा, एसबीएफमध्ये थर आला म्हणजे हाडात जुळणारच असं नाही आणि नाही आला म्हणजे जुळणार नाही असंही नाही, यावर २००९ मध्ये बोनर आणि लमेत्र यांनी चांगलाच आक्षेप घेतलाय, तेव्हा पेपरात जपून लिहा.

काचेचं ग्लास-सिरॅमिक करताना

आता भट्टी. क्योटोवाल्यांची अडचण अशी होती की ए-डब्ल्यूची काच अख्खा ठोकळा म्हणून तापवली तर वोलास्टोनाइट पृष्ठभागाकडून आत वाढत जातो आणि ठोकळ्याला आतून मोठे तडे जातात. त्यांनी काच बारीक दळली, पावडर दाबली आणि मग १०५० अंशांपर्यंत तापवली, म्हणजे प्रत्येक कणाचा पृष्ठभाग क्रिस्टल सुरू व्हायला मिळाला आणि सगळीकडे सारखे बारीक क्रिस्टल आले. यावरून लक्षात येईल की दोन लॅबमध्ये कणांचा आकार वेगळा असेल तर मटेरियलच वेगळं होणार, कॉम्पोझिशन कितीही सारखं असू दे.

म्हणून डीएससी करताना तापवायचा वेग दोघांचा एकच ठेवा, १० अंश प्रति मिनिट चालतं. भट्टीचा थर्मोकपल कुठे आहे ते लिहा, डिस्प्लेवर ९०० दिसतं तेव्हा नमुन्याजवळ किती असतं ते वेगळ्या थर्मोकपलने तपासून त्याचा तक्ता पार्टनरला द्या. ही गोष्ट विचारायला लोक लाजतात आणि मग वर्षभर तुमचा क्रिस्टल फेज आणि त्यांचा क्रिस्टल फेज जुळत नाही.

स्ट्रेंथ मोजणार असाल तर पाच बार मोजून सरासरी देऊ नका, सिरॅमिक तुटतं ते आतल्या सगळ्यात वाईट तड्यावरून, त्यामुळे वायबुल (ताकदीतल्या चढउताराचं गणित) करायला तीसच्या आसपास नमुने लागतात, एवढे बनवायची तयारी असेल तरच मेकॅनिकल टेस्टिंग पार्टनरच्या गळ्यात घाला. आणि सच्छिद्र स्कॅफोल्डकडून ठोकळ्याची ताकद अपेक्षित धरू नका, मघाशी सांगितलेल्या २००६ च्या स्कॅफोल्डची दाब सहन करायची ताकद ०.३ ते ०.४ मेगापास्कलच्या घरात होती. हातात धरून उचलता येईल एवढी. भार घेणाऱ्या हाडात असं काही घालायचं तर अजून बरंच काम बाकी आहे आणि तिथेच तुमचा पीएचडीचा विषय आहे.

सेल, प्राणी, सर्जन

सेलवाल्यांना काच देताना दोन गोष्टी सांगाच. पहिली, ऑटोक्लेव्ह करू नका, वाफेने काच तिथल्या तिथे रिॲक्ट होते, कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करा. दुसरी, ताजी काच मीडियात (सेल वाढवायच्या द्रवात) टाकली की सोडियम-कॅल्शियम सुटून पीएच झपाट्याने वर जातो आणि सेल मरतात, मग ते म्हणतात तुमची काच विषारी. आधी काही काळ मीडियात भिजवून, मीडिया बदलून मग सेल टाकायचे, आणि ते किती वेळ करायचं हे दोन्ही लॅबमध्ये सारखं. सायटोटॉक्सिसिटीसाठी आयएसओ १०९९३ चा ५ वा भाग आणि नमुना तयार करण्यासाठी १२ वा भाग. असं टेस्टिंग देशातच हवं असेल तर तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूट आहे, इम्प्लांट मटेरियलवर आपल्याकडे इतका अनुभव फार थोड्या ठिकाणी आहे.

सर्जनला शेवटी बोलावू नका. ग्रीनली आणि यामामुरो पहिल्या दिवसापासून होते म्हणून ती मटेरियल्स पेशंटपर्यंत गेली. तुमच्या गावातल्या मेडिकल कॉलेजच्या ऑर्थोच्या सरांना भेटा, विचारा की तुम्हाला दाणे हवेत, ठोकळा हवा की हाताने भरता येईल अशी पेस्ट, रक्ताने भिजल्यावर ते जागेवर राहतं का, ऑपरेशनच्या वेळी कापता आलं पाहिजे का. त्यांची उत्तरं ऐकून तुमचं अर्धं प्रपोजल बदलेल.

प्राण्यांवरच्या प्रयोगाला इथे इन्स्टिट्यूटच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) रजिस्टर असलेलं ॲनिमल हाऊस लागतं, तिकडच्या परवानगीवर इकडे काम करता येत नाही आणि उलटंही नाही. माणसांचे नमुने किंवा पेशंट यांचा संबंध असेल आणि परदेशी पार्टनर असेल तर आयसीएमआरमार्फत हेल्थ मिनिस्ट्रीच्या स्क्रीनिंग कमिटीचा विषय येतो, याला महिने लागतात, म्हणून प्रपोजल लिहितानाच वेळापत्रकात धरा.

पैसे आणि कागद

ग्रँट दोन जातीच्या, एक फक्त येण्या-जाण्याच्या आणि एक मशीन-माणसांसकट. सुरुवातीला येण्या-जाण्याचीच घ्या, जर्मनीचं डीएएडी, डीएसटीचे (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे) वेगवेगळ्या देशांबरोबरचे एक्स्चेंज प्रोग्राम, केंद्र सरकारचं २०१८ पासूनचं स्पार्क. एक विद्यार्थी तिकडे तीन महिने राहून आला की दहा झूम मीटिंगपेक्षा जास्त काम होतं. मोठ्यासाठी जर्मनीबरोबर आयजीएसटीसी, ज्याच्या टू प्लस टू योजनेत दोन्ही देशांतून एक संस्था आणि एक कंपनी लागते, आणि फ्रान्सबरोबर १९८७ पासूनचं सेफिप्रा. कंपनी लागते म्हटलं की आपण घाबरतो, पण महाराष्ट्रात ऑर्थोपेडिक आणि डेंटल माल बनवणारे छोटे कारखानदार आहेत, जाऊन बोला. इंटरनॅशनल ग्रँटचे कॉल अमुक महिन्यातच येतात असं धरून बसू नका, साइटवर नजर ठेवा, आणि परदेशातून थेट पैसे येणार असतील तर अकाउंट्स सेक्शनला एफसीआरएबद्दल (परदेशी पैशांचा कायदा) पहिल्याच आठवड्यात विचारा.

पेटंटचं नीट ऐका. भारतात राहणारी व्यक्ती शोधात सहभागी असेल तर पेटंट ॲक्टच्या कलम ३९ प्रमाणे परवानगी न घेता थेट बाहेरच्या देशात अर्ज करता येत नाही, एकतर फॉरेन फायलिंग लायसन्स घ्या किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा. तिकडचं टेक ट्रान्सफर ऑफिस उत्साहात फाइल करून टाकतं आणि अडचण तुमची होते. आणि युरोपात अर्ज करण्याआधी पोस्टर, थिसिस, पेपर, काहीही बाहेर आलं तर पेटंट गेलं. बाटलीबरोबर एक साधा मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट असू द्या, दोन पानांचा पुरतो: काच कशासाठी वापरायची, तिसऱ्याला द्यायची का, निकाल कोण छापणार. एमओयू करायचाच असेल तर तो यानंतर करा, तेव्हा त्यात लिहायला काहीतरी असेल.

ऑथरशिप पहिली बाटली पाठवतानाच ठरवा. ज्याने काच वितळवली, त्याचं नाव "थँक्स" मध्ये ढकललेलं मी पाहिलंय आणि तो फार कष्टाळू मुलगा होता, त्याचा मला अजून राग येतो. क्रेडिट नावाच्या पद्धतीत १४ प्रकारच्या भूमिका आहेत, कोणी काय केलं ते त्यात लिहा, आणि बहुतेक जर्नल आता ते मागतातच.

रोजचं

जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार, जपान साडेतीन तास पुढे, ब्राझील साडेआठ तास मागे, म्हणजे साओ कार्लोसबरोबर मीटिंग आपल्या संध्याकाळीच होणार. ऑगस्टमध्ये युरोपात कुणी सापडत नाही, ब्राझीलमध्ये कार्निव्हलला, जपानमध्ये एप्रिलच्या शेवटी गोल्डन वीकला, आणि आपलं गणपती-दिवाळीचं त्यांना सांगून ठेवा, नमुने त्या आठवड्यात पोहोचतील असे पाठवू नका. पंधरा दिवसांतून एक अर्ध्या तासाची मीटिंग पुरते, पण त्यात प्लॉट दाखवायचे, नुसतं "काम चालू आहे" नको. बिघडलेला प्रयोगही दाखवायचा, लपवला की पुढच्या महिन्यात तेच तिकडे बिघडतं.

डेटा एका शेअर्ड फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात मेल्ट नंबर हवाच, प्लॉटच्या चित्राबरोबर कच्चे आकडेही ठेवा, आणि पेपर आला की झेनोडोसारख्या खुल्या डेटा साइटवर ते उघडे करा. तिकडे गेलेला विद्यार्थी परत यायच्या आधी एक आठवडा त्याच्याकडून त्याने वापरलेला प्रत्येक प्रोटोकॉल लिहून घ्या, भट्टीच्या प्रोग्रामच्या फोटोसकट, म्हणजे पुढच्या बॅचच्या मुलाला तीच काच इथे बनवता येईल.